पाट्याला टाकी लावून मिळेल

काल मला चाळीस रुपये देऊ करण्यात आले. तेही घासाघीस करून.

पार्किंगच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून मी ओल्डुवान पद्धतीच्या, म्हणजे आदिम दगडी हत्यारांसारख्या, कपच्या काढत होतो. इथिओपियात गोना येथे 26 लाख वर्षांपूर्वी हे काम सफाईने होत असे. आमच्या पार्किंगात होत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी पाटा उचलून हजर.

"टाकी लावायला किती घेशील रे?"

"आजी, मी चौथ्या मजल्यावरचा."

"मग? दगडच ठोकतोयस ना?"

"मी धारदार कपची काढतोय."

"सुरी नाही घरात? देऊ?"

मी छाती फुगवून सांगितलं, केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी 3 इथे 2011 मध्ये 33 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. आपल्या होमो कुळाचा सर्वांत जुना जबडा त्यानंतर पाच लाख वर्षांनी येतो.

"म्हणजे माणूस नव्हता तेव्हा जमत होतं?"

"हो!"

"मग तुला का जमेना?"

का म्हणजे? दगडावर दगड आपटला की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपटून पाहावा. गाभ्याच्या, म्हणजे ज्यातून कपची काढायची त्या दगडाला 90 अंशांपेक्षा कमी कोनाची कड लागते. ठोकायचा गोटा नदीतला, गुळगुळीत, अर्ध्या किलोच्या आसपासचा. घाव कडेपासून सेंटीमीटरभर आत, थोडा तिरका, आणि हात मध्येच आखडायचा नाही. नीट बसला तर कपची खालच्या बाजूने सुटते आणि घावाखाली तिला छोटा फुगवटा दिसतो. अगदी कडेवर मारलं तर कडेचा भुगा, फार आत मारलं तर नुसता ठणका, तोही मनगटात. त्यात आपला काळा पत्थर, म्हणजे बसाल्ट. बुडबुड्यांच्या भोकांचा मिळाला तर भेग भोकात अडकते, कपची अर्ध्यात तुटते आणि गाभ्यावर पायरी उरते. त्या पायरीवर पुढचे सगळे घाव वाया. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला अश्मयुगात हातकुऱ्हाडी करणारे सुद्धा बसाल्ट पारखून घेत. मी बांधकामावरचा उचलला होता, हे मान्य.

कांझी नावाच्या बोनोबोलाही (चिंपांझीचा जवळचा भाऊबंद वानर) हे शिकवलं होतं. त्याने हातातली ठोकाठोक सोडून दगड सरळ फरशीवर भिरकावला आणि धारेचे तुकडे मिळवले. त्याला टाकी लावायला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस रुपयेही नव्हते.

आजी मात्र हलेनात. माझा गोटा हातात घेऊन तोलला, परत ठेवला.

"वरून ठोकून नाही ना होत? मग फोडायचा दगडच दोन्ही हातांनी धर नि खालच्या धोंड्यावर आपट."

लोमेक्वीला बहुधा असंच करत. खालचा एक धोंडा तर 15 किलोचा आहे. आजींना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पाटा अजून माझ्या गाडीशेजारी पडलाय, आणि आज सकाळी जिन्यात त्यांनी विचारलं, "झाला का रे?"