प्रतापनगरच्या काकांना: टॅबवर अंक का उघडत नाही?

काका, तुमची प्रतिक्रिया आता बरीच खाली गेली आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी तिचं सार आधी देतो. तुम्ही एका मासिकाची वर्गणी ॲपमधून भरली, दर महिन्याला पैसे कापले जाणारी. तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनवर अंक उघडतो, पण नातीच्या आयपॅडवर तेच ॲप पुन्हा पैसे मागतं. वैतागून तुम्ही फोनवरचं ॲपच काढून टाकलं, तरी पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. वर "ही सरळ लूट आहे आणि तुम्ही तिचे एजंट" असा मला आहेर. कमिशन अजून कुणी दिलेलं नाही. मिळालं तर नागपुरातल्या बर्डीवर चहा माझ्याकडून.

पण लूट म्हणणं मला पटत नाही. तुम्ही पैसे नेमके कुणाच्या हातात दिले ते बघा. ॲन्ड्रॉइडवर ॲपच्या आत 'सदस्य व्हा' दाबलं की व्यवहार बहुतेक वेळा प्ले स्टोअरमार्फत होतो, आणि वर्गणी त्या गूगल खात्याच्या नावावर चढते. आयपॅडवर दुकानच वेगळं, ॲपलचं. एका दुकानाची पावती दुसऱ्या दुकानात चालत नाही. दोन्हीकडे ओळख पटवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मासिकाच्या ॲपमधलं तुमचं स्वतःचं लॉगिन. आधी लॉगिन करून मग पैसे भरले, तर वर्गणी त्या लॉगिनला जोडली जाते आणि आयपॅडवर किंवा लॅपटॉपवर त्याच लॉगिनने अंक उघडतो. 'आत्ता नको' दाबून थेट पैसे भरले, तर ती प्ले स्टोअरपुरतीच राहते. तुमचं हेच झालं असावं.

तर आता फोनवर ॲप परत टाका, लॉगिन करा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये 'रिस्टोअर पर्चेस' दाबा. बऱ्याच ॲपमध्ये तेवढ्याने जुनी वर्गणी लॉगिनला जोडली जाते. मग आयपॅडवर तेच लॉगिन वापरा. आयपॅडवरचं रिस्टोअर मात्र कितीही दाबा, काही होणार नाही, कारण त्या दुकानातून तुम्ही काही घेतलेलंच नाही.

'तेच लॉगिन' म्हणायला सोपं आहे, खरी गोम तिथेच आहे. लक्ष्मीनगरला आमची एक मावशी राहते. तिच्या टॅबवर अंकाचं मुखपृष्ठ दिसायचं आणि त्यावर कुलूप. बघितलं तर ॲपमध्ये एकदा मोबाइल नंबरच्या ओटीपीने लॉगिन केलेलं, एकदा 'गूगलने पुढे जा' दाबून. मावशी एकच, पण ॲपच्या हिशेबी दोन बायका. एकीने पैसे भरलेले, दुसरीने नाहीत, आणि टॅबवर नेमकी दुसरी बसलेली. त्यातही ते गूगल खातं तिचं नव्हतंच, पुण्याला असलेल्या मुलाचं होतं. फोन सेट करून देताना त्याने स्वतःचंच टाकून दिलं होतं. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. आयपॅडवर आणखी एक फसगत होते. 'साइन इन विथ ॲपल' करताना 'हाइड माय ईमेल' निवडलं असेल, तर ॲपकडे तुमचा खरा मेल जातच नाही, ॲपलने बनवलेला भलताच पत्ता जातो. मग वेबसाइटवर आपला नेहमीचा मेल टाकला की रिकामं, नवंकोरं खातं उघडतं. तो भलता पत्ता आयपॅडच्या सेटिंगमध्ये, आपल्या नावाखाली, 'साइन इन विथ ॲपल'च्या यादीत सापडतो.

कोणत्या खात्यातून पैसे गेले हे ओळखायचं कसं? पावती शोधा. प्ले स्टोअरची पावती मेलवर येते आणि तिच्यातला ऑर्डर क्रमांक जीपीए या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. ती ज्याच्या मेलमध्ये सापडेल, वर्गणी त्याच्या खात्यावर. मावशीकडे भांडण तिथेच मिटलं, पावती मुलाच्या मेलमध्ये निघाली.

आता ॲप काढूनही पैसे गेले त्याबद्दल. जाणारच. ॲप काढणं आणि वर्गणी बंद करणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्ले स्टोअर उघडा, उजव्या कोपऱ्यात वरच्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा आणि तिथून रद्द करा. (ॲपलकडे हेच सेटिंगमध्ये, आपल्या नावाखाली, 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये.) रद्द केलं तरी भरलेला महिना संपेपर्यंत अंक वाचता येतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. यूपीआयने ऑटोपे दिलं असेल तर पैसे भरायच्या ॲपमध्येही ते मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी, दिसतं. रिझर्व्ह बँकेचा 2021 पासूनचा नियम असा, की कार्डावरून दर महिन्याचे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं. म्हणजे कार्डावरून भरत असाल तर तसा एसएमएस किंवा मेल तुम्हाला आला असणार. बँकेचे एसएमएस न वाचता पुसायची सवय असेल तर तेवढी सोडा.

अक्षर बारीक दिसतं, शोधून काही सापडत नाही, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे, आणि तिच्यावर कुठलंही बटण नाही. आपली बरीच मराठी मासिकं अजून छापील पानाचीच पीडीएफ चढवतात. छापायला केलेलं पान फोनच्या पडद्यावर मुंगीएवढं दिसणारच. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टात जुळवला असेल, तर 'विदर्भ' असं शोधलं तरी रकाना रिकामा, आणि वाचून दाखवणारं टॉकबॅक काहीतरी अगम्य बरळतं. यासाठी खरंतर संपादकांच्या मागे लागायला हवं. तोवर आयपॅड आडवा धरा, नाहीतर लॅपटॉप घ्या.

"पैसे भरूनही अंक माझा नाही" हेही तुमचं बरोबर आहे. ॲमेझॉनने 2023 मध्ये किंडलवरच्या (त्यांच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरच्या) मासिकांच्या वर्गण्या बंद केल्या, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून माझा हिशेब असा: जपून ठेवायचा दिवाळी अंक कागदावर घ्यायचा, आणि वाचून सोडून द्यायचं मासिक पडद्यावर. तुम्ही सगळंच कागदावर घेत असाल तरी माझी हरकत नाही. फक्त आधी ती चालू वर्गणी रद्द करा, नाहीतर दोन्हीकडे पैसे जातील.

आणि पावती कुणाच्या मेलवर सापडली ते इथे नक्की लिहा: तुमच्या, मुलाच्या की सुनेच्या. ऑर्डर क्रमांक मात्र इथे उघड्यावर टाकू नका.