संग्रहालयात लग्न लावायचं तर

गेल्या दोन महिन्यांत तिघींनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाचीचं लग्न अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या आर्ट म्युझियममध्ये लागलं. फोटो बघून "आम्हालाही असंच करायचंय, हॉल कसा मिळतो, फोटोग्राफर कोण" असे मेसेज येतायत. हॉल पैसे भरले की मिळतो. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. अशी जागा घेतली की लग्न त्या जागेच्या कलाने लावावं लागतं. ते जमणार नसेल तर सरळ बँक्वेट हॉल घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

ज्यांनी ती वास्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर सांतियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुविशारदाने बांधलेली ही नवी इमारत 2001 मध्ये उघडली. अमेरिकेतली त्याची ही पहिली इमारत. आत विंडहोवर हॉल आहे, 90 फूट उंच, वर काच, समोर काच आणि काचेपलीकडे पाणीच पाणी. छतावर दोन पंख आहेत. टोकापासून टोकापर्यंत 217 फूट, पोलादाच्या 72 पट्ट्या. सकाळी संग्रहालय उघडतं तेव्हा पंख उघडतात, दुपारी 12 वाजता एकदा मिटून पुन्हा उघडतात, संध्याकाळी मिटतात. उघडायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात, इतके सावकाश. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शिकागोहून दीड तास गाडी चालवून आल्याचं सार्थक झालं असं वाटलं होतं.

भाची तिथे कॉलेजात असल्यापासून जायची. जॉर्जिया ओकीफची चित्रं बघायला. ओकीफ विस्कॉन्सिनचीच, 1887 मध्ये सन प्रेरीला जन्मलेली. म्हणजे पोरीने ही जागा फोटोसाठी निवडलेली नव्हती, तिचं तिथे खरंच मन रमतं. पहिला प्रश्न मी सगळ्यांना हाच विचारते: तुम्ही तिथे एरवी जाता का?

आता नियमांचं. संग्रहालय कुठलंही असो, यादी साधारण सारखीच असते. उघडी ज्योत नाही, धूर नाही. तांदूळ उधळायचे नाहीत. फुलं मोजकी आणि तपासूनच. दालनांत खाणं-पिणं नाही, फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही. आपल्याकडच्या लग्नाला यातला प्रत्येक नियम नेमका दुखऱ्या जागी लागतो. दादाचं, म्हणजे भाचीच्या बाबांचं, तोंडच उतरलं. "होम नाही, अक्षता नाहीत, मग लग्न कशाला म्हणायचं?" असं तो म्हणाला, आणि मला त्याचं दुःख कळत होतं.

पण कारणं समजून घेतली की राग राहत नाही. सांडलेला तांदूळ म्हणजे उंदरांना आणि धान्यातल्या किड्यांना आमंत्रण. फुलांचं तर मला माहीतच नव्हतं. कार्पेट बीटल नावाचा बारीक किडा फुलांच्या परागांवर जगतो, आणि त्याच्या अळ्या लोकर, रेशीम, पिसं खातात. म्हणजे आपल्या वेणीतल्या गजऱ्यातून आलेला किडा शे-दोनशे वर्षांचं विणकाम खाऊ शकतो. हळद संगमरवरात मुरते, पुसून जात नाही. धुराची काजळी बसते आणि धुराने आगीचा इशारा देणारी यंत्रणा जागी झाली तर सगळंच संपलं.

मी गिरगावात वाढले. बाबा रविवारी आम्हाला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला न्यायचे, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पायऱ्या चढायच्या आधी ते आम्हा दोघांचे हात पाठीमागे गुंफायला लावायचे आणि तसेच बाहेर येईपर्यंत ठेवायला लावायचे. लघुचित्रांच्या कपाटासमोर मी श्वास धरून उभी राहायची, काचेवर वाफ येऊ नये म्हणून. दादाला मी एवढंच म्हटलं, "बाबांचे हात आठव." त्यानंतर तो वाद झाला नाही.

मग मार्ग काढले. संग्रहालयं अशा कार्यक्रमांना बहुधा बंद झाल्यानंतरची वेळ देतात, म्हणून गोरज मुहूर्त. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे सूर्य आठच्या जरा आधी मावळतो. गुरुजींनी पंचांग मिलवॉकीच्या वेळेवर मांडलं. अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान हॉलमध्ये. विवाहहोम आणि सप्तपदी दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घरामागे, उघड्यावर. मध्ये रात्र गेली तर चालेल का, हे गुरुजींना चार महिने आधी विचारलं होतं. आधी विचारा. आयत्या वेळी कुठलेच गुरुजी हो म्हणणार नाहीत. जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही, मसालेभात त्यांच्याच आचाऱ्यांनी वहिनीच्या देखरेखीखाली केला आणि छान केला.

अक्षतांचं मात्र आईने सोडवलं. ती 84 वर्षांची आहे. जुन्या पैठणीच्या अस्तरातून तिने चौकोन कापले आणि दीडशे पुरचुंड्या बांधल्या, प्रत्येकीत चिमूटभर अक्षता, वर लाल दोऱ्याची दुहेरी गाठ. सुईत दोरा ओवायला मी, गाठ मात्र तिचीच. "सावधान" म्हटलं की उधळायचं नाही, पुरचुंडी धरलेला हात वर करायचा. जाताना त्या दाराशी परातीत ठेवायच्या.

आता फोटोंविषयी, कारण बहुतेकींना तेच हवंय.

पहिला फोटोग्राफर आम्ही काढून टाकला. त्याने जागा पाहिलेली नव्हती. आमच्या बैठकीत त्याने दालनात तीन दिवे लावायचं, बाहेरच्या पुलावर रंगीत धूर सोडायचं सांगितलं, आणि परवानगीचं विचारल्यावर म्हणाला, "तिथल्या माणसांना मी बघतो." भाची तिथेच उठली. आगाऊ दिलेल्यातली अर्धी रक्कम गेली. आजही मला वाटतं ते पैसे योग्य ठिकाणी गेले.

फ्लॅशबद्दल नीट सांगते, कारण अर्धवट माहिती फिरत असते. एका फ्लॅशने चित्राचा रंग उडत नाही. पण उजेडाने होणारी इजा साठत जाते आणि भरून येत नाही, म्हणून कागदावरच्या चित्रांना आणि कापडांना साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड देतात, तैलचित्रांना 200 च्या आसपास. शिवाय काही चित्रं दुसऱ्यांकडून काही काळापुरती आणलेली असतात, त्यांच्या मालकांच्या अटी असतात, कलावंतांचे हक्क असतात. आणि चित्रासमोर शांत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दिवा का मारायचा? कुणाच्याही चित्राला आपल्या शालूची पार्श्वभूमी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही दालनांत एकही फोटो काढला नाही.

दुसरी फोटोग्राफर लग्नाच्या आधी दोनदा संध्याकाळच्या उजेडाच्या वेळी येऊन त्या काचेजवळ उभी राहून गेली. तिने सांगितलेलं लिहून ठेवलंय. पांढऱ्या भिंती, पांढरा संगमरवर. कॅमेऱ्याला सगळं पांढरं दिसलं की तो आपणहून उजेड कमी करतो, पांढरं राखाडी येतं आणि चेहरे काळवंडतात, आपल्या सावळ्या वर्णाचे तर फारच. म्हणून उजेड हाताने वाढवावा लागतो. त्या पांढऱ्या फरशीवरून उजेड खालून वर येतो, हनुवटीखालची सावली जाते, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे सुंदर दिसतात. काच पूर्वेला आहे, सूर्य मागे शहरात बुडतो. त्यामुळे सरोवरावर आधी गुलाबी आणि मग निळा उजेड उतरतो, वीसेक मिनिटं टिकतो, आणि नेमक्या त्याच वेळात मंगलाष्टका होत्या.

एक अट आम्ही तिला घातली: अंतरपाट आणि पाहुणे यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. ती आणि तिची मदतनीस दोन कडांना होत्या, आवाज न करणारं शटर लावून. अलीकडच्या बहुतेक लग्नांत मला फोटोग्राफरच्या पाठी दिसल्या आहेत. या लग्नात आईला खुर्चीत बसून नातीचा चेहरा दिसला. घरच्यांच्या फोटोंची नावानिशी यादी वहिनीच्या धाकट्या बहिणीकडे दिली होती. तिचा आवाज खणखणीत, 40 मिनिटांत सगळं आटोपलं.

पंखांचा फोटो मात्र मिळाला नाही. लग्नाच्या दिवशी साडेअकरालाच आम्ही बाहेरच्या पादचारी पुलावर गेलो, बाराच्या फडफडीसाठी. आईने आधीच सांगितलं होतं की लग्नाआधी नवरानवरीचा एकत्र फोटो नको, म्हणून फक्त भाची हिरव्या नऊवारीत आणि तिच्याजवळ आई. सरोवरावरून गार वारा सुटला होता. त्या पंखांवर वारा मोजणारी यंत्रं आहेत. ताशी 23 मैलांहून जास्त वारा 3 सेकंदांच्या वर टिकला की पंख आपणहून मिटतात. पावणेबाराला मिटले आणि उघडलेच नाहीत. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने तिचा उडणारा पदर दोन्ही हातांनी धरला, घडी करून कमरेला खोचला आणि वर बघत म्हणाली, "वारा सुटला की पाखरू पंख मिटूनच बसतं गं." फोटो तेव्हाचा आहे. मिटलेले पंख, मागे पाणी, आईची बोटं नऊवारीच्या कनवटीला. दादाने तोच मोठा करून दिवाणखान्यात लावलाय.

दुसऱ्या दिवशी सप्तपदीनंतर अंगणात परात आली. दीडशे गाठी सोडायला आम्ही सगळ्या बायका बसलो, अर्धा तास गेला. मग आईने ओंजळ भरून पहिल्या अक्षता दोघांच्या डोक्यावर घातल्या. खाली गवतात पडलेल्या तांदळावर दुपारपर्यंत चिमण्या होत्या.