बुबुळ प्रत्यारोपणानंतरचा जंतुसंसर्ग: फिरत्या संदेशातील तीन दाव्यांचा प्रतिवाद

नेत्रदान पंधरवड्याच्या (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) निमित्ताने पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. बुबुळाच्या (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) प्रत्यारोपणानंतरचा संसर्ग मृताच्या डोळ्यातूनच येतो, पहिला आठवडा सुरळीत गेला की धोका टळतो आणि पुढे डोळा लाल झालाच तर घरातले जुने ड्रॉप पुरतात, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

पहिल्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, पण अंशच. दात्याच्या बुबुळाबरोबर जंतू येणे शक्य असते; म्हणूनच नेत्रपेढी दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी व सिफिलिससाठी तपासणी करते आणि बुबुळ प्रतिजैविक मिसळलेल्या द्रावणात थंड ठेवते. मात्र नंतर होणाऱ्या संसर्गातील जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरचे किंवा भोवतालचे असतात.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात केसाहूनही बारीक नायलॉनचे टाके घालतात आणि ते अनेकदा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ डोळ्यात राहतात. त्यांपैकी एखादा सैल झाला की त्याभोवती चिकट स्राव साचतो, बुबुळावरचे नाजूक आवरण फाटते आणि स्टॅफिलोकॉकस किंवा न्यूमोकॉकससारख्या जंतूंना आयती वाट मिळते. त्यातच नवे बुबुळ शरीराने नाकारू नये म्हणून दिलेले स्टिरॉइड ड्रॉप डोळ्याची प्रतिकारशक्ती मंदावतात, आणि शस्त्रक्रियेत चेतातंतू कापले गेल्याने वेदनाही कमी जाणवते. त्यामुळे ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो. (आतला थरच बदलण्याच्या शस्त्रक्रियेत टाके मोजकेच असल्याने हा विशिष्ट धोका कमी होतो.) गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल किंवा ढोलपथकाच्या सरावाची धूळ अशा डोळ्यात जाऊ न देणे शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही तितकेच गरजेचे असते.

तिसऱ्या दाव्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. लाली, प्रकाश सहन न होणे आणि दृष्टी अंधूक होणे ही लक्षणे संसर्गात दिसतात, तशीच बुबुळ नाकारले जातानाही दिसतात. परंतु नाकारण्यावर स्टिरॉइड वाढवावे लागते, तर संसर्गात तेच डोळ्यावर बेतते. शिवाय घरचे प्रतिजैविक आधी टाकले असेल, तर बुबुळावरून खरवडून घेतलेल्या नमुन्यात अनेकदा जंतू वाढत नाहीत आणि नेमके औषध ठरवणे अवघड होते. स्यूडोमोनास हा जंतू असेल तर एक-दोन दिवसांतही बुबुळ विरघळू शकते, तेव्हा अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि वापरात असलेल्या सर्व बाटल्या सोबत न्याव्यात.