अहो, विरजण?

३१ डिसेंबरला कंपनीने मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळच का देतात, हे मला ३४ वर्षांत कळलं नाही. आणि इतरांच्या निरोप समारंभाला ते घड्याळ मीच निवडून आणत असे.

१ जानेवारीला सकाळी डायनिंग टेबलाशी बसून मी घर बघायला लागलो. तोवर मला घर माहीत होतं ते कंपनीची बस यायच्या आधीचं आणि रात्री आठनंतरचं. मधल्या वेळात इथे काय चालतं याची काही कल्पना नव्हती. त्या दिवशी बघितलं आणि भोसरीच्या कारखान्यात, शॉपफ्लोअरवर घडलेला माझा जीव कासावीस झाला. एक उपमा करायला बायको फ्रीजपाशी पाच वेळा गेली. एकदा मिरची, एकदा कोथिंबीर, एकदा लिंबू, एकदा कोथिंबीर परत ठेवायला, आणि एकदा नुसतंच दार उघडून आत बघितलं आणि लावून टाकलं.

"अगं, एका उपम्यासाठी तू फ्रीजपाशी पाच वेळा गेलीस."

"मग? तो येत नाही ना माझ्यापाशी."

आमच्या कारखान्यात जपानी पद्धती होत्या. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कामात वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितलेत. जपानीत त्याला 'मुदा' म्हणतात. विनाकारण हालचाल हा त्यातला एक. उरलेले सहा मला दुपारच्या जेवणापर्यंत घरात सापडले. रोज दोन पोळ्या जास्त होत होत्या, म्हणजे अतिउत्पादन. ओट्याखाली श्रीखंडाचे अकरा रिकामे डबे, म्हणजे पडून राहिलेला माल. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत बायको खिडकीत उभी राहून समोरच्या बाल्कनीतल्या बाईंशी बोलत होती. ते कुठल्या रकान्यात टाकावं यावर मी बराच विचार केला आणि शेवटी 'प्रतीक्षा' लिहिलं.

संध्याकाळी मी कामाला लागलो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या आवराआवरीच्या पाच जपानी पायऱ्या ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, तसंच रोज करा आणि त्याची सवय लावा. माझी आई हे पाचही एका वाक्यात सांगायची, पण त्या वाक्यात माझा उद्धार असायचा म्हणून इथे देत नाही. पहिल्या पायरीला नको वाटेल त्या वस्तूवर लाल चिठ्ठी लावायची असते. मी ३२ चिठ्ठ्या लावल्या. कान तुटलेली कढई, पिशव्यांनी भरलेली पिशवी, नाड्यांचं गुंडाळं, माझा एक जुना बनियन, दोन किसण्यांपैकी एक, आणि ते श्रीखंडाचे डबे.

बायकोने काही विरोध केला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता. ती नुसती वस्तू लागेल तशी उचलत गेली. शनिवारी लाल चिठ्ठीसकट कढईत भजी तळली गेली. पिशव्यांच्या पिशवीतून मंडईला जायला पिशवी निघाली. नाडी धाकट्या मेव्हण्याच्या लेंग्याला गेली. श्रीखंडाचा एक डबा उसळ भरून समोरच्या बाल्कनीत पोचला आणि चार दिवसांनी गाजराचा हलवा घेऊन परत आला. बनियनने सगळ्या खिडक्या पुसल्या. महिनाअखेर चिठ्ठी शाबूत राहिली ती एकाच वस्तूवर. ते कंपनीचं घड्याळ होतं. तिथे ती मी लावली नव्हती.

मग मी फ्रीजच्या दारावर तक्ता लावला. डावीकडे वार, वर वेळा, आत रंग. धुणं, भाजी, वाणसामान, पंखे पुसणं, सगळं सातही दिवस सारखं वाटून दिलं होतं. एका दिवशी ढीग आणि दुसऱ्या दिवशी शुकशुकाट, असं चांगल्या कारखान्यात होत नाही. बायको चादरी आणि टॉवेल बुधवारी धुवायची. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बुधवारच बरा." या असल्या उत्तरांवरच देश मागे राहिला असं मला वाटलं, आणि मी चादरी शुक्रवारी टाकल्या.

पुण्यात राहणाऱ्यांनी इथे हसून घ्यावं. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ते गुरुवारी, आणि पेपरातल्या त्या बातमीचं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ असायला हवं होतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. शुक्रवारी साडेआठला मशीनने पावडर घेतली, दोन गिरक्या मारल्या आणि टाकी संपली. चार चादरी फेसात बसून राहिल्या. मी पिंपातलं पाणी तांब्या तांब्याने मशीनमध्ये ओतत होतो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. ती एक शब्द बोलली नाही. पोळपाटाचा आवाज मात्र नेहमीपेक्षा आनंदी येत होता.

मटकीचं तर मी बोलूच नये. बुधवारी उसळ, म्हणून मी मंगळवारी रात्री मटकी भिजत घातली. सकाळी ती भिजलेली होती, एवढंच तिच्याबद्दल सांगता येईल. मोडाची मटकी बुधवारी हवी तर ती सोमवारी सकाळी पाण्यात पडते, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधली जाते आणि पुढे थंडी किती आहे यावर तिची मर्जी. म्हणजे रविवारी दुपारी वामकुक्षीच्या आधी बायको जे "हं, मटकी" असं स्वतःशी पुटपुटते, ती बुधवारच्या उसळीची सुरुवात असते. मी ते पुटपुटणं ३१ वर्षं ऐकत होतो आणि मला ते वय झाल्याचं लक्षण वाटत होतं. लग्न झालं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

माझ्या कामाचा खरा कस लागला तो मावशींपुढे. मावशी आमच्याकडे भांडी आणि केर-फरशीला येतात, सकाळी ८:४० ला. मी दोन दिवस मोबाईलवर त्यांचा वेळ मोजला. भांडी २२ मिनिटं, फरशी १८. तिसऱ्या दिवशी त्या हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, रोज काय बघताय मोबाईलमधी माझ्याकडं बघून?"

"वेळ मोजतोय, मावशी."

"मग किती झाला तेबी सांगत जावा. वरच्या आज्जींकडं उशीर होतोय का, तेवढंच कळंल."

मी त्यांना तक्ता दाखवला. म्हटलं, तुम्ही ७:१५ ला आलात तर स्वयंपाकघर लवकर मोकळं होईल, पुढचं सगळं २० मिनिटं आधी सरकेल. मावशींनी तक्त्याकडे असं बघितलं, जसं मी नव्या इंजिनियरच्या पहिल्या ड्रॉइंगकडे बघत असे.

"सव्वासातला मी डी विंगला असते. त्यांचं पोरगं साडेसातच्या बसनं जातंय. डबा भरला की त्यांची भांडी पडत्यात. तितनं मग एकटा राहतो त्या पोराकडं, तो आठला उठतो दार उघडायला. दोनच कप असत्यात, पण कप घासायला बेल वाजवावी लागती चार वेळा. मग तुमी. तुमचं झालं की आज्जी, त्यांची पूजा झाल्याबिगर फरशी पुसून देत न्हाईत. आता मला सांगा, सव्वासातला तुमच्याकडं येऊन मी घासू काय? तुमचा तर चहाबी झालेला नसतोय."

सहा घरं, तीन जिने, एक शाळेची बस, एक झोपाळू पोरगा आणि एका आज्जींची पूजा. कुठे कागद नाही, कुठे रंग नाही. मी अशा वेळापत्रकासाठी कंपनीत दोन माणसं आणि एक सॉफ्टवेअर मागितलं होतं, आणि ते मंजूर झालं नव्हतं. मी मोबाईल खिशात ठेवला. मावशी जाताना बायकोला दारात हळूच म्हणाल्या, "काकांना काम बघा की कायतरी, काकू."

पण माणूस इतक्यात थांबत नाही. माझ्याकडे अजून कानबान शिल्लक होतं. ही पद्धतही ओनोंचीच, अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचलेली. फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच मागून येतो, आणि तसा निरोप द्यायला एक कार्ड असतं. मी तूरडाळीच्या डब्यात तळापासून चार बोटांवर एक लॅमिनेट केलेलं कार्ड आडवं ठेवलं: 'तूरडाळ संपत आली. मागवा.' डाळ तिथवर आली की कार्ड वर दिसेल, ते काढून खुंटीवरच्या पाकिटात टाकायचं. साधी गोष्ट. त्या गुरुवारी वरण वाढताना डावाला काहीतरी चपटं लागलं. बायकोने ते डावाच्या कडेने वर उचललं, पाण्याखाली धरलं आणि उजेडात वाचलं. तीन शिट्या होऊनही एक अक्षर पुसलं गेलं नव्हतं.

"लॅमिनेशन चांगलं करतो हो तो कोपऱ्यावरचा," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मला ओट्यामागचं कॅलेंडर वाचायची बुद्धी झाली. कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि आमच्या घरात त्याच्या चौकटींमध्ये दुधाचे खाडे लिहायचे असतात एवढंच मला माहीत होतं. जवळ जाऊन बघितलं तर तिथे खाड्यांशिवाय 'सि' होतं. सिलिंडर लावला त्या दिवशी 'सि', दोन 'सि'मध्ये ४० ते ४३ दिवस. गॅस कधी संपेल ते कळावं म्हणून १४.२ किलोचा सिलिंडर वजनकाट्यावर कसा चढवायचा याचं चित्र मी दोन दिवस कागदावर काढत होतो. 'मा' म्हणजे मावशींची सुट्टी. 'पि' म्हणजे पिंप घासलं. एका चौकटीत नुसतं 'तो' होतं. ते काय, विचारलं तर म्हणाली, "तोरणाचा वार. फुलवाल्याला सांगायचं." मी मनात तोवर भलभलते विचार करून झालो होतो.

तक्ता हळूहळू आकसत गेला. एकेक ओळ बायकोने न बोलता परत घेतली आणि शेवटी माझ्याकडे एकच काम उरलं: रात्री विरजण लावायचं. यात कोणी चुकू शकत नाही असं तिला वाटलं असावं.

मी ते शास्त्रशुद्ध केलं. अर्धा लिटर दूध, थर्मामीटरवर ४३ अंश, विरजण मोजून एक चहाचा चमचा, वेळ रात्री १०. सकाळी पातेलं वाकडं केलं तर दूध किनाऱ्याला लागलं. चव आंबटही नाही, गोडही नाही, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी विरजणाला दोष दिला.

बायको उठली, माझ्या ४३ अंशांच्या दुधात करंगळी बुडवली, म्हणाली, "ठीक आहे हे." मग ओट्यावर हात टेकवला. जानेवारीतला काळा ग्रॅनाइट. "आणि हे बघा." मी हात लावला. बर्फ होता. दूध कोमट होतं तेवढ्याला मी मोजत होतो. पुढचे आठ तास ते या लादीवर बसून थरथरत काढत होतं, ते कोणी मोजायचं? तिने पातेल्यात आणखी अर्धा चमचा विरजण घातलं, ढवळलं, माझ्याच मफलरमध्ये गुंडाळलं आणि रिकाम्या कुकरमध्ये ठेवून झाकण लावलं. "थंडीत जास्त आणि लवकर. मे महिन्यात थेंबभर आणि झोपताना." एवढंच. सकाळी दह्याला सुरी लागली असती.

आता मे आलाय. तक्त्याच्या जागी मुलाने पाठवलेला नातवाचा फोटो आहे. मी पावणेदहाला विरजण लावत नाही, झोपताना लावतो. म्हणजे लावायचं असतं.

एक मात्र सांगायचं राहिलं. जपानच्या रेल्वेत गाडी चालवणारा सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणतो, सिग्नल हिरवा. एकटा असला तरी म्हणतो. डोळा, हात, तोंड आणि कान असे चौघे कामाला लागले की चूक कमी होते, असा त्यामागचा हिशेब. शिसा कांको म्हणतात त्याला. मी हे आमच्या प्रेस शॉपमध्ये आणायला दोन वर्षं धडपडलो. पोरं बोट दाखवायची, पण एकमेकांकडे, आणि हसत सुटायची. शेवटी मी नाद सोडला.

रात्री दिवा मालवला की अंधारात बायको सुरू करते.

"गॅस?"

"बंद."

"खालचा कॉक?"

"फिरवला."

"मागचं दार?"

"कडी लावली."

"दुधाचं पातेलं?"

"फ्रीजमध्ये."

"मटकी?"

"तूच बांधलीस."

"हं. विरजण?"

पंखा फिरत असतो. मी श्वास एकसारखा ठेवतो, झोप लागलेल्या माणसाचा असतो तसा.

"अहो, विरजण?"

एक चप्पल पलंगाखाली सापडते. दुसरी पायाने चाचपडत असतो, तेवढ्यात अंधारातून आवाज येतो, "आणि थेंबभरच घाला हं."