‘एक केमिस्ट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘एक केमिस्ट’,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, यातच माझा संयम आला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. छापखान्यात वापरायच्या आयपीएच्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफांवरचा माझा लेख यांना ‘भीतीचा बाजार’ वाटला. यांचं म्हणणं असं: आयपीएची वाफ हवेच्या अडीचपट नाही, दुप्पट जड असते. शरीरात तिचं ॲसिटोन होतं आणि ते निघून जातं. मी हातमोजे आणि मास्कवर पानभर लिहिलं, एक्झॉस्टवर मात्र दोनच ओळी. आणि शेवटी, जसंच्या तसं: ‘या द्रवाचा वासच इशारा देतो, माणूस आपोआप बाजूला होतो. जरा अभ्यास करून लिहित चला.’

वाफेचं तुमचं बरोबर आहे. २.०७ पट. लेखात दुरुस्त केलंय. चूक कबूल करायला मला जड जात नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

पण ‘अभ्यास करून’? समोर बसून हे बोलला असतात का? मी स्वतःच्या नावानं लिहितो, तुम्ही हुद्द्याच्या आड बसून. असो.

अकरा वर्षं मी छपाईच्या ऑफसेट मशीनवर काढली आहेत. फाउंटनच्या, म्हणजे छपाईची प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात आयपीए, ब्लँकेट (कागदावर शाई उमटवणारं रबरी आवरण) पुसायला आयपीए, रोलरवर शाई वाळली तरी आयपीएच. सकाळी दार उघडलं की वास झणकन नाकात शिरायचा. अर्ध्या तासात गायब. वाफ कुठे जात नव्हती हो, नाक सरावायचं. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं, रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापायचे रंग, जुळवताना खुणा हलल्यासारख्या दिसायच्या, आणि आम्ही एकमेकांना सांगायचो की रात्री झोप नीट झाली नसेल. घरी पाऊल टाकलं की बायको म्हणायची, आधी तो शर्ट बाहेर टाका. मी शर्ट नाकाशी धरून बघायचो. मला कसलाच वास यायचा नाही! तेव्हा तुमचा तो इशारा कुठे होता? की तो फक्त केमिस्ट लोकांनाच ऐकू येतो?

बरं, अनुभव नको असेल तर हिशेब घ्या. अमेरिकेतल्या ओशाची, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ४०० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग वाफ. एसीजीआयएच ही तिथलीच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना त्याच्या निम्म्यावर थांबते, २०० वर, आणि १५ मिनिटांपुरते ४०० चालवून घेते. नायॉश या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या मते २००० पीपीएम म्हणजे तात्काळ धोका. आता १०० घनमीटरची बंद खोली धरा आणि तिच्यात एक लिटर आयपीए पूर्ण उडू द्या. हवेत सुमारे ३२०० पीपीएम होतात. ४०० गाठायला तर १२५ मिलीलिटर पुरे, तेवढं ब्लँकेट पुसायच्या चिंध्यांतच मुरलेलं असतं. वास २०० लाही येतो आणि २००० लाही येतो. यातला कुठला आकडा चालू आहे, हे नाकानं कसं सांगायचं? तुम्ही केमिस्ट आहात, आकडेमोड तपासून बघा.

आणि ती दुप्पट जड वाफ, जी तुम्हीच मला शिकवलीत, ती सांडल्यावर आधी जमिनीलगत पसरते. नाक असतं पाच फुटांवर. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ तयार असते. हवेत ती दोन टक्के झाली की ठिणगी पुरते, मोटरची असो नाहीतर अर्थिंग न केलेल्या डब्यात ओतताना उडणारी स्थिर विजेची. ‘माणूस आपोआप बाजूला होतो’ म्हणे. कामावर असलेला माणूस आपोआप बाजूला होत नाही. त्याला मशीन सोडून जायची परवानगी लागते. हे प्रयोगशाळेत बसून कळायचं नाही.

ॲसिटोनबद्दल फार बोलत नाही. निघून जातं, मान्य. पण जाईपर्यंत तेही गुंगीच आणतं, आणि सोबत कार्बन टेट्राक्लोराइड हा दुसरा विषारी द्रव असेल तर यकृताची पार वाट लागते.

एक्झॉस्टचा मुद्दा उरला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. आमच्याकडे भिंतीत मोठा पंखा होता, पण विजेच्या बिलापायी तो बहुतेक बंदच असायचा. मास्क मात्र मिळायचे, धूळ अडवणारे कापडी. त्यांतून वाफ आरपार जाते, हे मी लेखात लिहिलेलंच आहे. तुम्ही तिथवर वाचलं असतंत तर दिसलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. फक्त एक, ‘लिहीत’मधला ‘ही’ दीर्घ असतो.