नुसत्या मायेवर भागत नाही

लेखात म्हटलंय की डिमेन्शियाच्या (म्हातारपणी स्मरणशक्ती, समज कमी होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटला सांभाळायला "ट्रेनिंगपेक्षा माया आणि पेशन्स लागतो", हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून १९ वर्षं झाली, त्यातली ११ म्हाताऱ्या माणसांच्यातच गेली. आमच्याकडे एक आजी होत्या, चार वाजले की पदरात चष्मा, कंगवा, बिस्किटाचा पुडा बांधून दाराशी उभ्या, "घरी जाते, आई वाट बघत असेल". सांभाळायला नवीन आलेली मुलगी, खूप मायाळू हो, तिने जवळ घेऊन सांगितलं आजी तुमची आई केव्हाच गेली. झालं, त्यांच्यासाठी ती बातमी त्याच क्षणाची, रात्रभर रडल्या. अशा वेळी विचारायचं, आई काय करायची हो तुमची? आणि हातात मटारच्या शेंगा द्यायच्या सोलायला. बोलता बोलता पदराची गाठ आपोआप सुटते.

आणि एक, पेशंट दोन दिवसात एकदम बिघडला, बरळायला लागला, ओळखेना, तर घरचे म्हणतात आजार वाढला. खूपदा ते युरिन इन्फेक्शन असतं, नाहीतर पाणी कमी पडलेलं किंवा चार दिवस पोट साफ नसतं, आणि वेळेत पकडलं तर बऱ्यापैकी उतरतं. हे मायेने कळत नाही, शिकावं लागतं. आणि घरोघरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारे ब्युरोवाले आठ दिवस शिकवून पोरींना १२ तासांच्या ड्यूटीवर पाठवतात, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही!