सपोर्ट ग्रुपला जाऊ नका म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"घरात मनोरुग्ण असेल तर हे वाचाच" असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवरही आला, दोनतीन काकांनी हात जोडलेले इमोजी टाकले, विषय संपला. पण माझ्या मावशीने तो नीट वाचला. तिच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि नसते संशय येणारा मानसिक आजार, आणि ती नेमाने शुभंकरांच्या मीटिंगला जाते, म्हणजे ज्यांच्या घरी असा आजार आहे आणि जे काळजी घेतात त्यांच्या. या महिन्यात गेली नाही. का गं, विचारलं तर म्हणाली, "त्यात लिहिलंय की तिथे जाऊन जाऊन आजार घरात मुरतो." त्यामुळे हे लिहितेय, राग आलाय तो दिसला तर दिसू दे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. आईच्या वागण्यात खोट असते म्हणून मुलाचं डोकं बिघडतं. घरच्यांनी शिकण्यासारखं काही नसतं, प्रेम आणि थोडा धाक पुरे. सपोर्ट ग्रुपमध्ये दहा रडकी माणसं एकत्र येऊन निगेटिव्हिटी वाढवतात, वर घरातलं चारचौघांत जातं. हे सगळं अमेरिकन फॅड आहे, आपल्या कुटुंबपद्धतीत गरज नाही. गोळ्यांची सवय लागते, बरं वाटलं की बंद करा. आणि लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारतो.

लग्न आणि गोळ्या यावर फार वेळ घालवत नाही. आजार लपवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टात रद्द होऊ शकतं, आणि त्याआधी एका मुलीची फसवणूक झालेली असते ते वेगळंच. लग्न ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं, दोघांना सगळं माहीत असताना, औषध म्हणून नाही. गोळ्यांबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे ती मान्य करते: वजन वाढतं, झोप येते, काहींचे हात थरथरतात, हे त्रास खरे आहेत आणि डॉक्टर ते ऐकून घेत नसतील तर डॉक्टर बदला. पण या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, आणि बरं वाटतंय ते बऱ्याचदा गोळी चालू आहे म्हणूनच वाटत असतं. मनाने बंद केली की आजार उलटण्याची शक्यता खूप वाढते. कमी करायची तर डॉक्टरांसोबत ठरवून, हळूहळू.

आईची खोट हा मुद्दा वाचून मात्र मावशी रात्रभर जागी होती. हा विचार व्हॉट्सॲपवाल्याच्या डोक्यातून आलेला नाही, तो एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांच्या तोंडी होता. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढची कित्येक वर्षं हजारो आया त्या ओझ्याखाली दबल्या. पुढे पुरावा शोधला तेव्हा तो सापडलाच नाही, मानसोपचारशास्त्राने ती कल्पना कधीच टाकून दिली. आज आपल्याला माहीत आहे की यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, पण तेवढंच नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण निम्मी किंवा त्याहून थोडी कमी. मेंदूची वाढ, ताण, गांजासारखे पदार्थ, बरंच काही मिळून होतं. आई रागावली म्हणून होत नाही. टाकून दिलेली गोष्ट पुन्हा उकरून एका थकलेल्या बाईच्या फोनवर पाठवायची याला काय म्हणावं.

आता फॅडचा मुद्दा. अमेरिकेत मनोरुग्णांच्या घरच्यांची नामी ही संघटना 1979 मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकात अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलमध्ये डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटच्या घरच्यांना सोबत राहायला लावलं, त्यांना आजार समजावून सांगितला, आणि पेशंट लवकर घरी जायला लागले. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमध्येही नातेवाईकाने पेशंटसोबत राहायची पद्धत तेव्हापासूनची. आपल्या पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली ती डॉ. जगन्नाथ वाणींनी, जे कॅनडात प्राध्यापक होते हे खरं, पण ते यात पडले कारण त्यांच्या स्वतःच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे एका शुभंकराने सुरू केलेलं काम. याला फॅड म्हणणाऱ्याने निदान एकदा तिथल्या एखाद्या मीटिंगला बसून यावं.

आपल्या कुटुंबपद्धतीचं कौतुक केलंय त्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. चंदीगडमध्ये 1980 च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा तिथले नातेवाईक लंडनच्या नातेवाइकांपेक्षा पेशंटवर कमी टीका करतात असं दिसलं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या घरांत पेशंटबद्दल तिरस्कार होता तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे कुटुंब आहे एवढ्याने भागत नाही, घरात रोज काय बोललं जातं यावर बरंच ठरतं.

आणि म्हणूनच "शिकण्यासारखं काही नसतं" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं.

प्रेम आणि धाक म्हणे. मुलगा चार दिवस आंघोळ करत नाही, दिवसभर झोपून असतो, आई म्हणते आळशी झालायस, बाप म्हणतो कामाला लाव म्हणजे ताळ्यावर येईल. कोणी दुष्ट नाही यात. पण उत्साह आटणं, कशातच रस न वाटणं हे आजाराचंच लक्षण आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, डॉक्टरकडे पाच मिनिटं मिळतात त्यात प्रिस्क्रिप्शन होतं. मग रोज टोमणे, रोज भांडण, किंवा याच्या उलट, आई त्याला भरवायला लागते आणि तिशीतल्या माणसाला एकट्याला वाण्याकडेही पाठवत नाही. सतत टीका, राग आणि अति काळजी, लंडनला संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोजलं ते हेच, आणि या गोष्टी जास्त असलेल्या घरांत पेशंट पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. हे वाचून कोणी परत आईला दोषी धरू नका. यातून आजार सुरू होत नाही, आणि टीका बहुतेक वेळा थकव्यातून, न समजण्यातून येते. समजलं की ती कमी होते, एवढाच मुद्दा आहे आणि तो फार मोठा आहे.

किती मोठा, तर 2010 साली कॉक्रेन या जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेने स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरच्यांना शिकवण्याच्या कार्यक्रमांवरचे 53 प्रयोग एकत्र तपासले. आजार उलटण्याबद्दलची माहिती त्यातल्या 32 प्रयोगांत, जवळजवळ 3000 लोकांची होती, आणि जिथे घरच्यांसोबत काम झालं तिथे उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं. साधारण सात घरांसोबत काम केलं की एका घरातला रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, टळतो. काही प्रयोगांचा दर्जा बेताचा असल्याने परिणाम थोडा फुगलेला असू शकतो असं त्याच लोकांनी लिहून ठेवलंय, तरीही. एक रिलॅप्स म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा, ॲडमिशन, गेलेली नोकरी, पोलीस, शेजाऱ्यांचे दरवाजे बंद.

हे कार्यक्रम बहुतेक तज्ज्ञांनी घेतलेले होते, मग नुसत्या घरच्यांच्या मीटिंगचं काय, असं कोणी विचारेल. रास्त आहे. नामीचा एक कोर्स आहे, तो शिकवतात पेशंटचे नातेवाईकच, आणि तो 12 आठवड्यांचा होता तेव्हा अमेरिकेत मेरीलँडमध्ये त्याची तपासणी झाली, 2011 मध्ये छापून आली. कोर्स केलेल्यांना आजाराची माहिती जास्त होती, अडचणी सोडवता येत होत्या आणि अँग्झायटी कमी झाली होती. म्हणजे दहा रडकी माणसं एकत्र आली आणि रडणं वाढलं, असं तिथे तरी झालं नाही.

मावशीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते मी तिच्याकडून ऐकत आलेय. मुलगा म्हणतो शेजारी माझ्याबद्दल बोलतायत, तर "वेडा आहेस का" म्हणून वाद घालायचा नाही आणि "हो रे बोलतायत" असंही म्हणायचं नाही, "तुला भीती वाटतेय ना, मी इथे आहे" एवढंच म्हणायचं, हे तिला दुसऱ्या एका आईने सांगितलं. झोप दोनतीन रात्री उडाली की वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा, हे तिथे कळलं. दिव्यांग प्रमाणपत्र मनोविकारालाही मिळतं, 40 टक्के किंवा जास्त असेल तर सवलती लागू होतात, सरकारी नोकरी केलेल्या आईवडिलांच्या मागे अशा मुलाला फॅमिली पेन्शन मिळू शकते, त्याची कागदं आपण असतानाच करून ठेवायची, हे तिला तिथे भेटलेल्या एका रिटायर्ड गृहस्थांनी सांगितलं. "माझ्यानंतर याचं काय" हा प्रश्न ती आमच्यापुढे कधी काढत नाही, तिथे काढते. आम्ही लगेच "असं बोलू नकोस" म्हणतो ना, म्हणून.

घरातलं बाहेर जातं, ही भीती खरी आहे, विशेषतः छोट्या गावात जिथे बहिणीचं लग्न ठरायचं असतं. आणि सगळे ग्रुप चांगले नसतात. जिथे डॉक्टरांचे उपचार थांबवा म्हणतात, काही विकतात, किंवा एकच माणूस दोन तास बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तिथून उठून यावं. पहिल्या दिवशी विचारायचं की इथलं बोलणं इथेच राहतं का, नाव सांगायलाच हवं का, कोणी प्रशिक्षित माणूस जोडलेला आहे का. जवळपास ग्रुपच नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तिथे पेशंटच असायला हवं असं नाही, घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

मावशीला पुढच्या मीटिंगला मी सोबत घेऊन जाणार आहे. आणि फॅमिली ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकलाय त्यांनी कृपया तो डिलीट करावा, ज्यांना पुढे पाठवलाय त्यांना हेही पाठवावं.